चंपीची कावीळ

भाताची आवणी ऐन भरात आलेली आणि काळुराम ओटीवर पाय पसरून बसलेला, गळ्यात बेंबीपर्यंत लोंबणारी माळ. त्याची बायको शेवंती गुडघाभर चिखल घेऊन शेतातून आली ती तोंडाचा पट्टा सोडूनच.

"डोळं बगा आरशात. हळद लावल्यावानी दिसतान. दवाखान्यात चला."

"माळ घातलीय ना मी. उतरंल."

मानपाड्याच्या मागे आमचं गाव. चारी बाजूंनी टॉवर उभे राहिले, पण कावीळ झाली की आम्ही अजून वैदूबाबाचंच दार गाठतो. तो ओल्या काड्या दोऱ्यात गुंफून डोक्यावर ठेवतो. माळ वाढत गळ्यात येते, मग छातीवर. जेवढी माळ खाली तेवढी कावीळ उतरली, असं आम्ही धरून चालतो. इथे माळ बेंबीला टेकली, तरी गड्याच्या पोटात पेज ठरत नव्हती. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटायला लागली होती.

सरकारी दवाखान्याची आशाताई संचिता येऊन समजावून गेली. "काका, रक्त जुनं झालं की त्याचा पिवळा मळ निघतो. तो बाहेर टाकायचं काम लिव्हरचं. लिव्हर सुजली की मळ रक्तातच फिरतो, म्हणून डोळे पिवळे. घाण पाण्याने होते, दारूने होते, पित्ताच्या खड्यानेपण होते. रक्त तपासल्याशिवाय कसं कळणार?"

"मंग ही माळ वाढली कशी?"

"काड्या सुकून बारीक झाल्या, गाठी सैल पडल्या. वाढणारच ना."

"तू कालची पोर, मना नको शिकवू," म्हणत काळुरामने भिंतीकडे तोंड केलं.

शेवंतीने पदर कमरेला खोचला, तेव्हाच आम्ही ओळखलं की बाईच्या मनात काहीतरी शिजतंय. ती तडक वैदूबाबाकडे गेली, घरात आणखी एकाला झालीय, डोकं जरा मोठं आहे असं सांगून दुसरी मोठी माळ घेऊन आली आणि गोठ्यात चंपी म्हशीच्या गळ्यात घातली. हसू दाबून आमची पोटं दुखली. चंपीने मान हलवून हलवून एका दिवसात माळ गुडघ्याला नेली.

दुसऱ्या दिवशी शेवंतीने नवऱ्याला हाताला धरून गोठ्यात नेलं.

"हिला कवा झाली कावीळ?" काळुराम चक्रावला.

"तुमीच सांगा. माळ तर तुमच्यापेक्षा खाली आलीय."

चंपी निवांत रवंथ करत होती. शेवंतीचा आवाज मात्र फाटला. "सकालपासून मना दोनदा तुमची आय समजून हाक मारलीत, कावीळ डोक्यात चढलीय तुमच्या. म्हशीला नवरा नाय लागत, मना लागतो."

त्याने स्वतःच्या हाताने माळ काढली आणि रिक्षात बसला. थोडा उशीर झाला असता तर हाताबाहेर गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. त्याची आवणी आम्ही उरकली.

पुढे तो घरी आला, हाडं दिसत होती पण डोळे पांढरे. वैदूबाबा लगेच हजर.

"उतरली ना माळेनं? मानाचा कोंबडा राहिला हाय माझा."

"उतरली की," काळुराम म्हणाला. "पन पेशंट गोठ्यात हाय. तिच्याकडनंच घे."