बदलायची तयारी कुणाची?

चर्चच्या मागच्या बाजूला एक खोली होती. पूर्वी तिथे मोडक्या खुर्च्या टाकत. आता दोन धड खुर्च्या, एक टेबल आणि कुरकुरणारा पंखा होता, आणि दर गुरुवारी दुपारी तिथे मॅडम बसायच्या. मॅडम म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका. ख्रिस्ती समुपदेशनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी साठीला टेकता टेकता पुरा केला होता. त्यातला एक तक्ता त्यांचा विशेष लाडका होता. समोरचा माणूस बदलायला किती तयार आहे, ते त्यावर मोजायचं. त्याला अडचण दिसते का, ती आपली वाटते का, तिच्यासाठी तो काही सोडेल का, पहिलं पाऊल कधी टाकेल. आणि शेवटी शून्य ते दहा असा एक आकडा. आकडा आला की मॅडमना बरं वाटायचं.

एका रविवारी पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, त्यांना बाजूला घेतलं. इस्पितळाच्या लाँड्रीत कपडे धुणारी एक बाई चर्चच्या मंडळीत होती. तिच्या माघारी सगळे तिला ‘तिखट’ म्हणत. तिचा थोरला भाऊ विमा कचेरीत अधिकारी, मंडळीत ज्येष्ठ, आणि प्रार्थना अशी करायचा की ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यावेत. पण तो प्रार्थनेला उभा राहिला की तिखट उठायची आणि चपला वाजवत मधल्या वाटेने बाहेर जायची. गेल्या रविवारी तर दारात थांबून तिने ‘खुनी’ असा शब्द उच्चारला होता, मागच्या चार बाकांना नीट ऐकू जाईल असा. पुढच्या महिन्यात भावाला आजाऱ्यांना भेटणाऱ्या गटाचा प्रमुख करायचं ठरत होतं, आणि त्याआधी बहीणभावांनी हातात हात द्यावा, अशी पाळकसाहेबांची इच्छा होती. बाईची क्षमा करायची तयारी कितपत आहे ते बघा, म्हणाले, आणि मला पानभर लिहून द्या.

गुरुवारी ती आली. पंचेचाळिशीची, आडव्या बांध्याची. ब्लीचने हातांची सालं निघालेली. मॅडमनी सुरुवातीला प्रार्थना करू या म्हटलं, तर म्हणाली, तुम्ही करा, मी डोळे उघडे ठेवते. मग मॅडमनी तक्ता पुढे सरकवला आणि समजावून सांगितला.

“मी शून्य,” ती म्हणाली. “लिहा आणि मला मोकळं करा. तीनला माझी ड्युटी सुरू होते.”

मॅडमनी शून्य लिहिलं. वर्गात कोरी उत्तरपत्रिका देणाऱ्या मुलीचा यावा तसा त्यांना तिचा राग आला. पण अभ्यासक्रमात शिकवलं होतं की शून्यापाशी थांबायचं नाही, विचारायचं. म्हणून त्यांनी विचारलं की नक्की कशाला तयारी नाही.

हे आजवर कुणी विचारलं नाही, तिखट म्हणाली. सगळे सांगतातच. आणि मग तिने सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या आईला पोटाचा कॅन्सर झाला. बरं होण्यातला नव्हताच. दुखू नये म्हणून डॉक्टरांनी जालीम गोळ्या दिल्या आणि त्या चुकवू नका असं बजावून सांगितलं. आई भावाकडे होती. दिवसा दोन वेळची गोळी भाऊ द्यायचा, कारण तिखट ड्युटीवरून थेट संध्याकाळी यायची. पहिले काही दिवस आई गप्पा मारायची, सुनेच्या हातच्या चहाला नावं ठेवायची. मग एकाएकी ती ओरडायला लागली. आजार वाढलाय, भाऊ म्हणाला, गोळ्या चालूच आहेत. संध्याकाळची गोळीही मीच दिली, तू दमून आलीस, बस. असे नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत तिखटने उशीचे तीन अभ्रे बदलले, कारण आईने ते चावून फाडले होते.

आई गेल्यावर इस्पितळाने उरलेल्या गोळ्या परत मागितल्या; तसल्या गोळ्या घरात ठेवू देत नाहीत. तिखट आणायला गेली. तेव्हा भावाने अगदी शांतपणे सांगितलं की गोळ्या नाहीत, त्या त्याने कधीच संडासात ओतल्या. तारीखसुद्धा सांगितली. गोळ्या घेणं म्हणजे देवावर भरवसा नाही असं म्हणणं, हे त्याने आईला समजावलं होतं, आणि आईला ते पटलं होतं. आईला त्याचं सगळंच पटायचं. एकुलता एक मुलगा. पुढच्याच रविवारी त्याने मंडळीपुढे साक्ष दिली की आई गीत गात गात गेली.

मॅडमच्या हातातलं पेन थांबलं होतं. तरीही सवयीने त्या म्हणाल्या की क्षमा ही समोरच्यासाठी नसते, ती आपल्यासाठी असते, राग आपल्यालाच जाळतो.

“माझं जळू दे,” तिखट म्हणाली. “तीन रविवार ऑर्गन कोण वाजवतंय, मॅडम?”

कुणीच वाजवत नव्हतं. ऑर्गन वाजवणाऱ्या मावशी आजारी होत्या, हाडांचा कॅन्सर, आणि चर्चमध्ये सध्या मोबाइलवर सूर लावून गात होते. मॅडमना हे माहीत होतं. त्यांना हे माहीत नव्हतं की तिखटचा भाऊ रोज सकाळी कचेरीत जाण्याआधी, शनिवारी दहाला, मावशींकडे प्रार्थनेला जातो, आणि मावशी गेल्या सोमवारपासून गोळ्या घेत नाहीत. मावशींच्या नवऱ्याने इस्पितळातल्या नर्सला फोनवर सांगितलं, नर्सने लाँड्रीत तिखटला. हे सांगायला तिखट पाळकसाहेबांकडे दोनदा गेली होती. दोन्ही वेळा तिला स्वतःचं मन तपासायला सांगण्यात आलं.

ती गेल्यावर मॅडमच्या ध्यानात आलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती द्यायला आपणच पट्टी घेऊन बसलो होतो. त्यांना स्वतःचाच इतका राग आला की तक्त्याचा तो कागद त्यांनी टरकावला, आणि मग दुसरा कोरा काढला. तो भावासाठी होता.

भाऊ शुक्रवारी कचेरी सुटल्यावर आला. स्वच्छ शर्ट, मऊ आवाज. बहिणीसाठी मी रोज रडतो, म्हणाला. मॅडमनी तक्ता त्याच्याही पुढे ठेवला. त्याने वाचला, हसला आणि दहाच्या आकड्यावर बोट ठेवलं. प्रभूच्या कृपेने मी रोजच बदलतो, म्हणाला. मॅडमनी विचारलं की आईच्या बाबतीत आज काही वेगळं कराल का. त्याने खरोखर विचार केला, आणि नाही म्हणाला.

“किती दिवस ओरडत होत्या त्या?”

“ओरडत होतं ते शरीर. आत्मा शांत होता.”

आणि मावशी, मॅडमनी विचारलं. मी कुणालाही गोळ्या बंद करा म्हणत नाही, तो म्हणाला. मी फक्त विचारतो की तुमचा भरवसा कुणावर आहे. बाकीचं ज्याचं त्याने ठरवायचं.

चाळीस वर्षांत मॅडमनी खोटं बोलणारी शेकडो पोरं पाहिली होती. हा खोटं बोलत नव्हता. अडचण त्याला दिसतच नव्हती, आणि त्याच्या वडिलांच्या वयाची माणसं त्याच्यापुढे हात जोडून डोळे मिटत होती. त्यांना वाटलं, टेबलावरचा पाण्याचा पेला उचलावा आणि त्याच्या त्या स्वच्छ शर्टावर ओतावा. त्यांनी पेला उचलला आणि स्वतः प्यायल्या.

तिथून त्या तडक पाळकसाहेबांच्या खोलीत गेल्या. ते रविवारच्या गीतांची यादी करत होते. मॅडमनी उभ्यानेच सगळं सांगितलं. पाळकसाहेबांनी मान हलवत ऐकून घेतलं. हा ज्या त्या घरचा निर्णय आहे, म्हणाले. भाऊ फार सेवाभावी माणूस आहे, जरा टोकाचा आहे, पण त्याच्यासारखे आहेत किती? आणि शेवटी, मी तुम्हाला बहिणीबद्दल लिहायला सांगितलं होतं, भावाबद्दल नव्हे.

“तुम्हाला हे ठाऊक होतं?” मॅडमनी विचारलं.

पाळकसाहेबांनी तिसऱ्या गीताचा क्रमांक पुस्तकात ताडून पाहिला. तेवढं उत्तर पुरेसं होतं. मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी टेबलावरचंच पेन उचललं, यादी ओढून घेतली आणि तिसऱ्या गीताच्या खाली लिहिलं: ‘खरं बघायला बहीण तयार आहे. भाऊ तयार नाही. तुम्हीही नाही.’ खाली सही केली, तारीख घातली.

“पानभर मागितलं होतंत. एवढंच आहे,” त्या म्हणाल्या, आणि दार उघडं टाकून निघाल्या.

शनिवारी सकाळी नऊला मॅडम, तिखट आणि इस्पितळातली ती नर्स मावशींच्या घरी गेल्या. मावशींचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. आता बारीक कामाला नजर पुरत नव्हती. दार उघडताच ते बाजूला झाले आणि काही न विचारता आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. मावशी कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडल्या होत्या. तोंडावर घामाचा थर. गोळ्यांची पाकिटं खणात होती, भरलेली. ती फेकायला यजमानांनी नकार दिला होता; बायकोपुढे त्यांची एवढीच हिंमत झाली होती.

तिखट जमिनीवर बसली आणि मावशींच्या तोंडाजवळ तोंड नेऊन आईची गोष्ट सांगितली. भावाला शिवी दिली नाही, रडली नाही. नऊ दिवस, तीन अभ्रे. चादरीचं टोक मात्र ती असं पिळत होती की मॅडमना वाटलं, ही आता उठून भिंतीवर डोकं आपटेल.

मावशींनी डोळे उघडले. “मी घेतली, तर माझा विश्वास कमी पडला असं होईल ना गं?”

“मावशी, तुम्ही चष्मा लावून ऑर्गन वाजवायचात की नाही?” तिखटने विचारलं.

“हो.”

“किती वर्षं?”

“बत्तीस.”

“देव काही बोलला?”

मावशींच्या तोंडावर काहीतरी हललं. दुखण्यातही ते हसूच होतं. “चुकीचे सूर लागले तेव्हा बोलला असेल,” त्या म्हणाल्या, आणि मग यजमानांना, “पाणी आणा.” नर्सने डॉक्टरांना फोन लावून किती द्यायची ते विचारलं. मध्ये इतके दिवस गेले होते, म्हणून डॉक्टरांनी कमीपासून सुरू करायला सांगितलं. पाऊण तासाने मावशींचे गुडघे जरा सैल झाले.

दहाला दारावर टकटक झाली. तिखट उठली. मॅडम तिच्या मागे गेल्या, पण मध्ये पडल्या नाहीत.

भाऊ पायरीवर उभा होता, काखेत पुस्तक. बहिणीला बघून तो दचकला नाही. “मी तुला कधीच क्षमा केली आहे,” तो म्हणाला.

मॅडमना वाटलं, आता ही हात उचलणार. तिखटच्या मुठी वळलेल्या होत्या. पण तिने हात चौकटीला लावला, वाट अडवून.

“दादा, आईने तुझ्याकडे गोळी मागितली होती?”

त्याने काखेतलं पुस्तक दुसऱ्या हातात घेतलं. तिने परत विचारलं, तसंच, त्याच आवाजात.

“दोनदा,” तो म्हणाला.

“मग तू काय केलंस?”

“प्रार्थना.”

आईला ते पटलं होतं, हे वाक्य त्याने दोन वर्षं सगळ्यांना सांगितलं होतं. आता ते त्याला सुचलं नाही, किंवा सुचूनही तोंडातून निघालं नाही. तिखटने दार लावून घेतलं. यजमान नंतर म्हणाले की तो बराच वेळ पायरीवर उभा होता. मग गेला.

रविवारी पाळकसाहेबांनी गटाच्या प्रमुखाची निवड पुढे ढकलल्याचं सांगितलं. औषध घेणं पाप नाही, हेही सांगितलं. गाड्या फाटकासमोर लावू नका आणि खुर्च्या जागेवर ठेवा, या दोन सूचनांच्या मधोमध. कुणाचं नाव नाही, कशामुळे ते नाही. तिखट त्या दिवशी बाहेर गेली नाही, कारण प्रार्थनेला भाऊ उभा राहिलाच नव्हता. पण बाहेर आल्यावर ती मॅडमना म्हणाली की याला शेपूट घालणं म्हणतात. मॅडम हो म्हणाल्या.

मावशी सात आठवडे जगल्या. त्यातले पाच बरे गेले. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून त्या यजमानांशी रोज भांडत. एका मंगळवारी दुपारी झोपेतच गेल्या. त्यांच्या अंत्यविधीला भाऊ आला नाही. त्याने मंडळी सोडली होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक नवीन मंडळी होती, तिथे तो जायला लागला, आणि महिन्याभरातच तिथे आजाऱ्यांना भेटायचं काम त्याच्याकडे आलं. अशी माणसं कुठेही हवीच असतात.

हे कळलं तेव्हा मॅडमनी तिथल्या पाळकांना पत्र लिहिलं. घडलं ते सगळं, तारखांसकट. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं. त्याचंही नाही. तिखट अजून गुरुवारी येत होती. क्षमेचा विषय मॅडमनी पुन्हा काढला नाही. एकदा तिनेच काढला. म्हणाली, कधीतरी जमेलही, पण तो कुणाच्या तरी उशाशी बसलेला असताना नाही. दुसऱ्या पत्राला तीन आठवडे झाले, हे मॅडमनी तिला त्याच दिवशी सांगितलं. तिने विचारलं, ती मंडळी भरते किती वाजता.

रविवारी दोघी दोन बस बदलून तिथे गेल्या. अर्धा तास आधीच पोचल्या. दार उघडं होतं, एक तरुण बाई खुर्च्या मांडत होती. आवाज चढवायचा नाही असं वाटेत ठरलं होतं, पण ते कोणी ठरवलं आणि कोण पाळणार होतं, याची दोघींनाही खात्री नव्हती. मॅडमच्या पर्समध्ये दोन्ही पत्रांच्या प्रती होत्या.

“पाळकसाहेब आहेत?” तिखटने विचारलं. “आम्हाला त्यांना भेटायचंय. आत्ता.”