शब्द आढळला नाही

"तुमाले दिसून राहिला ना, शेठ? मंग मले काढू द्या!" रीना म्हणाली.

नागझिऱ्याच्या वाटेवर लॉज चालवणाऱ्या दुर्गाप्रसाद शेठने चष्मा पुसून पडद्याकडे पाहिले. "दिखता तो है, बेटा. पण मशीन म्हणते, नाही आहे. आता मी मशीनले खोटं पाडू?"

पर्यटकांसाठी शेठने इंटरनेटवर एक फोरम काढला होता. वाघ दिसला की लोक तिथे लिहीत. नाही दिसला की जास्त लिहीत. तो सांभाळायची नोकरी रीनाची. तिचे बाबा शालिकराम जंगलात गाईड. त्यांच्या कौतुकाच्या पानावर कुणीतरी इंग्रजी अक्षरांत जातीवरून शिवी हाणली होती. ती शिवी रीनाने पहिल्याच दिवशी बंदीच्या यादीत टाकलेली. तरी ती पानावर मांडी घालून बसली होती, आणि शोधायला सांगितले की कॉम्प्युटर म्हणे : शब्द आढळला नाही.

दुपारभर झटल्यावर चोर सापडला. शिवीतला 'a' इंग्रजी नव्हताच, रशियन होता. दिसायला जुळा भाऊ, मशीनच्या लेखी परका माणूस. रीनाच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्यांना जवळच्या 'कोहमारा' गावाचे नाव धड टाईप करता येत नव्हते, त्यांनी माणसाचा अपमान करायला थेट रशियाहून अक्षर मागवले होते!

दिसायला सारखी अक्षरे तपासताना एकच धरायची, असा नियम तिने फिल्टरमध्ये घातला. एक शिवी जाईल, अशी तिची अपेक्षा. पण पानेच्या पाने गडप होऊ लागली. रोज सुप्रभात घालणारे निवृत्त साहेब गेले. नवीन सभासदांचे स्वागत करणारे काका गेले. सगळ्यांच्या मजकुरात तीच शिवी, सगळ्यांचा 'a' रशियन. एकाने आणला, बाकीच्यांनी प्रसादासारखा वाटून घेतला. शेवटी शेठचाही मजकूर गेला.

"बंद कर ते! चांगले चांगले मेंबर चालले!"

"तुमी बी त्यातच आहा, शेठ."

"अरे, वो तो मजाक... शालिकराम तर घरचा माणूस आहे."

"मंग तोंडावर म्हना ना! रशियाच्या आडून कायले?"

जिप्सी लावून खाकी गणवेशातले शालिकराम दारात आले, तसा शेठ टेबलावरची धूळ झटकू लागला. तिथे धूळ नव्हती. रीनाने सगळे सांगितले. बाबा ऐकून खुर्चीत बसले. शेठसमोर ते पहिल्यांदाच बसले होते.

"आधी तोंडावरच म्हनत होते, पोरी. आता लपवून राहिले. म्हंजे भेव तरी वाटून राहिलं."

"रीना, नियम काढ," शेठ म्हणाला, "नाही तर उद्यापासून येऊ नको."

"नाई काढत. अन् तुमाले काढता येत नाई."

तिने पर्स उचलली. जाण्याआधी बाबांचे पान एकदा उघडले. भलेमोठे ते पान आता जवळजवळ कोरे होते. कुण्या मास्तरीणबाईंनी टाकलेला एकच फोटो उरला होता : फांदीवर झोपलेले घुबड, आणि कडेला, खाकी बाहीतून आलेले, ते दाखवणारे एक बोट.