अठरा श्वास

हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या जुन्या मदतनीस मिस अर्लीननी मला पहिल्याच आठवड्यात शहाणं केलं. रक्तदाब, नाडी, ताप, ऑक्सिजन हे सगळं यंत्र सांगतं. श्वास मात्र माणसानं मोजायचे असतात, पेशंटच्या छातीकडे बघत, घड्याळ धरून, अख्खं एक मिनिट. पहिल्या दिवशी मी तशी उभी राहिले, तर त्या दारातूनच ओरडल्या, "काय गं पोरी, त्याचं चित्र काढायला बसलीयस का?"

"श्वास मोजतेय, मॅम."

"चौदा खोल्या आहेत आणि आठला नाश्त्याची गाडी येते. अठरा लिही नि पुढे चल. अठरानं आजवर कुणी मेलं नाही."

सव्वीस वर्षं त्या वॉर्डात काढलेली बाई. मी कोण? कॉलेजच्या तिसऱ्या वर्षातली, डॉक्टर व्हायची स्वप्नं बघणारी पोरगी. त्यांच्यापुढे मी काय अक्कल पाजळणार? दुसऱ्या आठवड्यापासून मीही झरझर अठरा लिहायला लागले. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. हात कसा सराईत झाला होता.

पदवीनंतर मेडिकलला प्रवेश देताना कॉलेजवाल्यांना नुसते मार्क पुरत नाहीत. पेशंटची सेवा किती तास केली, डॉक्टरच्या मागे किती तास उभी राहिलीस, सगळं विचारतात. वर एखाद्या डॉक्टरचं शिफारसपत्र हवं. आमच्या घराण्यात डॉक्टर तर सोडाच, कॉलेजची पायरी चढलेलंही कुणी नव्हतं. म्हणून शनिवारी सहा ते नऊ मी निळा गणवेश घालून मदतनीस असायची. नऊ वाजता कपडे बदलून, 'विद्यार्थी निरीक्षक' असा बिल्ला लावून डॉ. कॅल्हूनबाईंच्या मागे सावलीसारखी फिरायची. सात महिने ईमेल करकरून त्यांना पटवलं होतं. त्यांचा नियम एकच होता.

"सावली बोलत नाही, कॉरिन. आणि सावली कशाला हात लावत नाही."

त्या शनिवारी नऊ नंबरच्या खोलीत मिस्टर प्रुइट होते. तीस वर्षं शाळेची बस चालवलेला आडदांड माणूस, आदल्या दिवशी खुब्याचं ऑपरेशन झालेलं. नाकात ऑक्सिजनची नळी. सकाळी सातला मी गेले तेव्हा त्यांची बायको खुर्चीत बसून उकडलेल्या शेंगा सोलत होती.

"रात्रभर कण्हत होते गं," ती कुजबुजली. "पहाटेपास्नं दोनदा औषध दिलं, आत्ता कुठे डोळा लागलाय. उठवू नकोस हं, बाळा."

मी उठवलं नाही. दंडाला पट्टा बांधला, यंत्रानं आकडे दिले, मी ते उतरवले आणि शेवटी अठरा लिहिलं. छातीकडे बघितलंसुद्धा नाही.

साडेनऊला मी त्याच खोलीत डॉ. कॅल्हूनच्या मागे उभी होते. मिस्टर प्रुइटनी डोळे किलकिले केले, "दुखतंय" म्हणाले आणि पुन्हा मिटले.

"बघा ना डॉक्टर, जरा जाग आली की तेच," बायको म्हणाली. "यांनी कधी साध्या दातदुखीचीही तक्रार केली नाही हो."

डॉक्टरांनी संगणकाच्या पडद्यावर नजर टाकली. "ऑक्सिजन ठीक. श्वास अठरा. छान. डॅरेल, यांना आणखी एक डोस दे, आधीपेक्षा थोडा जास्त."

"हो, मॅम," म्हणत नर्स डॅरेल औषधाच्या कपाटाकडे गेला.

अठरा. माझं अठरा. दुखण्यावरचं ते औषध अफूच्या जातीचं असतं आणि जास्त झालं की आधी श्वासच मंदावतो, हे परीक्षेत लिहून मी पूर्ण मार्क मिळवले होते. ऑक्सिजनचा आकडा तर नाकातल्या नळीमुळेच ठीक दिसत असणार. मी मिस्टर प्रुइटच्या छातीकडे बघितलं. पांघरूण वर आलं, खाली गेलं. मग काहीच नाही. कितीतरी वेळ काहीच नाही. मग पुन्हा एकदा वर आलं.

"कॉरिन, चल," डॉक्टर दारातून म्हणाल्या.

आणि मी गेले. हे मी आजही कुणाला सांगताना अडखळते. मी मुकाट्यानं गेले. दहा नंबरच्या खोलीत डॉक्टर एका आजीबाईंशी गुडघ्याबद्दल बोलत होत्या आणि मी स्वतःची समजूत घालत होते. गाढ झोपेत श्वास कमी होतातच. डॉक्टरांना दिसलं नसतं का? आता तोंड उघडलं तर पत्र गेलं, नोकरी गेली, सात महिने पाण्यात. बाहेर औषधाच्या कपाटाचा खण खट्कन बंद झाल्याचा आवाज आला.

मी पळाले. सावलीनं पळायचं नसतं, पण मी पळाले.

डॅरेलनं सिरिंज सलाइनच्या नळीला जोडली होती. "थांब! देऊ नकोस!" मी एवढ्या जोरात ओरडले की त्यांच्या बायकोच्या मांडीवरच्या शेंगा जमिनीवर सांडल्या.

"डोकं फिरलंय का तुझं?" डॅरेल म्हणाला.

"श्वास मोज. आधी मोज, हात जोडते."

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मीही मोजत होते. एक. दोन. काटा फिरत होता आणि मला त्या माणसाच्या छातीशिवाय काही दिसत नव्हतं. तीन. अर्धं मिनिट झालं तेव्हा तीनच झाले होते. डॅरेलनं सिरिंज काढून टाकली आणि लाल बटण दाबलं.

मग खोली माणसांनी भरली. डॉ. कॅल्हून धावत आल्या. कुणी मिस्टर प्रुइटना गदागदा हलवत होतं, कुणी तोंडावर मास्क धरला. ओठ निळसर पडले होते. बायको भिंतीला चिकटून एकच वाक्य म्हणत होती, "आत्ता तर बोलले, आत्ता तर बोलले." उताऱ्याचं औषध नळीतून गेलं. एक मिनिट गेलं असेल, मला तो अख्खा जन्म वाटला. मग मिस्टर प्रुइटनी मोठा श्वास घेतला, डोळे उघडले आणि खेकसले, "कोण मेलं मला उठवतंय?"

बायको हसत हसत रडायला लागली.

बाहेर कॉरिडॉरमध्ये डॉ. कॅल्हूननी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "डॅरेलनं सांगितलं मला. तो डोस गेला असता तर हा माणूस हातचा गेला असता. अशी नजर शिकवून येत नाही, पोरी. तुझं पत्र मी आजच लिहिते."

याच वाक्यासाठी मी सात महिने ईमेल करत होते. तीन पावलांवर मिस अर्लीन उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालत होत्या. मी गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. सकाळी अठरा होते, मग कमी झाले, बस.

"मॅम," मी म्हटलं, "सकाळी मी मोजलेच नव्हते. अठरा मी नुसतं लिहिलं."

त्यांचा हात खांद्यावरून निघाला.

"कुणी शिकवलं हे?"

मिस अर्लीनचे हात थांबले होते. "लिहिलं मी," मी म्हणाले.

डॉक्टर म्हणाल्या, "आणि मी कागदावर विश्वास ठेवून माणसाकडे बघितलं नाही. त्याचं उत्तर मला द्यावं लागेल, आजच." पत्राचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. त्या भिंतीवरच्या संगणकाकडे वळल्या आणि सकाळची सगळ्या वॉर्डाची नोंद उघडली. एका रांगेत आकडे होते. अठरा, अठरा, अठरा. त्यांचं बोट वरून खाली सरकत गेलं.

"आणि हे बाकीचे तेरा, कॉरिन?"

"तेही नुसते लिहिलेत, मॅम."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. "तू एक नंबरपासून सुरू कर. मी चौदापासून येते."

मिस अर्लीननी अभ्रे तिथेच गाडीवर टाकले आणि श्वास मोजायला सात नंबरच्या खोलीत शिरल्या.

मी एक नंबरचं दार वाजवलं. आतून उत्तर आलं नाही. पुन्हा वाजवलं. मग दार ढकलून आत गेले. पलंगावरची बाई तोंड भिंतीकडे करून झोपली होती, नाश्त्याचं ताट झाकलेलं तसंच. मी घड्याळ वर धरलं, पांघरुणाकडे बघितलं आणि ते हलण्याची वाट बघत उभी राहिले.