ममताची दाढ

दाढ किडून लेकीचा, ममताचा, गाल सुजून डोळ्यापर्यंत चढला, तेव्हा दामिनीने सासऱ्याला पुन्हा विनवलं, "बाबा, पोरले शहादाले डाक्टरकडे लई जाऊ द्या."

"गरज नही," रतिलाल म्हणाला आणि खलबत्त्यात लवंग कुटत राहिला.

त्याचा थोरला भाऊ गावच्या जुन्या बोअरचं पाणी पिऊन कमरेत वाकला आणि वाकलेलाच गेला. पाण्यात फ्लोराईड जास्त आहे, असं तपासणीवाल्यांनी सांगितलं आणि बोअर बंद झाली. पण तो शब्द रतिलालच्या डोक्यात खिळ्यासारखा रुतून बसला. टूथपेस्टवर तोच शब्द दिसला, त्या दिवशी घरातली नळी चुलीत गेली. मग तो बाभळीचा कोळसा, तुरटी, मीठ आणि लवंग कुटून मंजन करू लागला. दामिनीने माहेरून आणलेली पेस्ट ममतासाठी लपवली होती. ती सापडली तेव्हा त्याने सुनेला अंगणात, गड्यांच्या देखत, चपलेने झोडपलं. तिचा नवरा हेमकांत तिथंच ट्रॅक्टर धूत होता. त्याने मान वर केली नाही.

आता पोरगी तापाने फणफणली होती. तोंड धड उघडत नव्हतं. रतिलालने तव्यावर तेल कडकडवलं, त्यात तुरटी आणि लवंग टाकली, कापसाचा बोळा बुडवून चिमट्यात धरला.

"कीड जाळी टाकतो," तो म्हणाला. "हेमकांत, पोरले धर."

दामिनी मध्ये पडली. रतिलालच्या थपडेने तिच्या कानात शिट्टी वाजली. हेमकांतने पोरीऐवजी बायकोचेच हात मागे पिरगाळले. म्हाताऱ्याने ममताला गुडघ्यांत आवळलं, अंगठ्याने जबडा उचकटला आणि बोळा आत दाबला. पोरगी किंचाळली. मग नुसती घरघर ऐकू आली.

दामिनीने मान वळवून नवऱ्याच्या मनगटाचा चावा घेतला. तोंडात रक्ताची चव आली तरी दात सोडले नाहीत. तो ओरडून मागे सरला, तशी तिने लोखंडी बत्ता उचलला आणि रतिलालच्या तोंडावर घातला. दात मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. तरी त्याच्या मुठीत पोरीचा झगा होताच. दुसरा घाव तिने त्याच्या खांद्यावर घातला. हाताची पकड सुटली.

सासू सुगंधाबाई दारात उभी होती. एवढा वेळ ती हललीही नव्हती.

"आई, बाजूले व्हा," दामिनी म्हणाली. बत्ता अजून हातातच होता.

सुगंधाबाई बाजूला झाली.

दामिनीने ममताला कडेवर घेतलं आणि रस्त्यावर केळी भरलेला पिकअप एक हात आडवा करून थांबवला. ड्रायव्हरने तिच्या पदरावरचं रक्त पाहिलं, ममताचा गाल पाहिला, आणि काही न विचारता दार उघडलं.

शहाद्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी गळू कापून पू काढला. दाढही काढावी लागली, भाजलेल्या हिरडीला औषध लावलं. सूज गळ्याकडे उतरायला लागली होती. उद्यापर्यंत थांबला असतात तर श्वास कोंडला असता, असं त्या म्हणाल्या.

"पेस्टमधलं फ्लोराईड विष असतं का?" दामिनीने विचारलं.

"पाण्यातून वर्षानुवर्षं जास्त पोटात गेलं की हाडं वाकवतं, ते खरं आहे. पेस्ट वाटाण्याएवढी घ्यायची, घासायचं, थुंकायचं. पोरांना गिळू द्यायची नाही. मिठाच्या गुळण्या करा, बाभळीची काडी चावा, हरकत नाही. पण त्याने कीड थांबत नाही, आणि पू झाल्यावर घरात काही करायचं नसतं."

म्हणजे सासऱ्याची भीती अगदीच खोटी नव्हती. हे कळल्यावर दामिनीचा राग कमी झाला नाही, उलट भडकला. भाऊ गेला म्हणून नातीचा जीव घ्यायचा?

संध्याकाळी रतिलाललाही त्याच दवाखान्यात आणलं. समोरचे दात गेले होते, खांद्याचं हाड मोडलं होतं. हवालदार जबाब घ्यायला आला. हेमकांत म्हणाला, "बाबा पाय घसरून पडले."

"पडले नाहीत. मी मारलं," दामिनी म्हणाली. "का मारलं, तेही लिहा. याने माझे हात कसे धरले, तेही लिहा."

हेमकांतने चावा बसलेलं मनगट पाठीमागे लपवलं. सुगंधाबाई पुढे आली. "ती खरं बोली ऱ्हायनी," ती एवढंच म्हणाली आणि नातीच्या खाटेपाशी जाऊन बसली.

पलीकडच्या खाटेवरून रतिलालने फुगलेल्या ओठांनी विचारलं, "ममता, दुखस का, बेटा?"

पोरीने आईकडे पाहिलं. दामिनी उठली आणि दोन्ही खाटांमधला पडदा ओढून घेतला.