वैदेहीच्या सॅकमधला पंप

मी वैदेहीची सॅक बोलतेय. तशी मी कुणाच्या अध्यातमध्यात न पडणारी. पण आता पोटात ठेवून ठेवून जीव घुसमटतोय, म्हणून सांगते.

पडेगावच्या अन्सारभाईंनी मला शिवलं. ते मूळचे जीपचे हूड शिवणारे. दुकानातल्या तयार सॅका वैदेहीच्या पाठीला बसत नव्हत्या. पोरगी अंगानं काडी, उंचीनं बेताची. तिचं माप घेताना अन्सारभाई हसून म्हणाले, "बेटी, बॅग तू उचलणार की बॅग तुला?" पण पट्ट्यांना दुहेरी टाके त्यांनीच घातले. लई मजबूत झाले मी. बाजारातल्या चकचकीत सॅकांना मी आजही मोजत नाही, खोटं कशाला बोलू!

वैदेही, हिमांशू आणि अरफा, हे कॉलेजपासूनचं त्रिकूट. नोकऱ्या लागल्या तरी सुट्टी मिळाली की तिघं बिऱ्हाड पाठीवर घेऊन डोंगर गाठायची. निघताना वैदेहीच्या आई, निशाताई, दारात उभ्या असायच्या आणि न चुकता विचारायच्या, पंप घेतलास का? वैदेहीला दमा होता. तोंडात धरून ओढायचा तो औषधाचा पंप माझ्या पाठीकडच्या आतल्या कप्प्यात असायचा. वैदेही वैतागायची. मी काय कुकुलं बाळ आहे का, म्हणायची.

या तिघांचा एक नियम होता, पाठबदल. दर तासाला सॅका आपसात बदलायच्या, म्हणजे तंबू आणि भांड्याकुंड्यांचं ओझं एकट्याच्या मानेवर नको. अरफाच्या पाठीवर मी डुलत जायचे, हिमांशूच्या पाठीवर आदळत. माझ्या मालकिणीची दोस्त मंडळी अशी जीवाला जीव देणारी आहेत, याचं मला कौतुक होतं. त्यात काही वाकडं असेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

यंदाच्या जानेवारीत गौताळ्याच्या जंगलात तीन दिवस पायी हिंडायचं ठरलं. निघायच्या दिवशी निशाताई तापानं फणफणल्या होत्या, पहाटे कुठं त्यांचा डोळा लागला होता. वैदेहीनं त्यांना उठवलं नाही. दारात मला खाली ठेवलं, आतल्या कप्प्यात हात घालून पंप चाचपला आणि झोपलेल्या आईकडं बघून हळूच म्हणाली, "घेतलाय बरं का." मग दार अलगद ओढून घेतलं. हे बघायला तिथं माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

पहिले दोन दिवस सुखात गेले. एका पाणवठ्यावर अस्वलाचे ताजे ठसे दिसले, तर हिमांशूची बडबड एकदम बंद. पोरी त्याला दिवसभर चिडवत होत्या.

तिसऱ्या दिवशी अंतूर किल्ल्याची चढण लागली. पाठबदल झाला. वैदेहीला धाप लागत होती, म्हणून हिमांशूनं स्वतःची हलकी सॅक तिला दिली आणि जड मला घेतलं. तेवढ्यात वरच्या अंगाला रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप दिसला. त्याला फोटो हवा होता. तुम्ही दमादमानं या म्हणून तो मला घेऊन पुढं पळाला. पंप माझ्यात आहे हे त्याच्या ध्यानात नव्हतं. दमलेल्या वैदेहीच्याही ध्यानात आलं नसावं. मला माहीत होतं, पण माझी चेन दुसऱ्यानं ओढल्याशिवाय उघडत नाही.

वर पोचल्यावर त्यानं मला दगडाला टेकवलं. खालच्या उतारावर कुणीतरी वाळलं गवत पेटवलं होतं. धूर वाटेवर पसरत होता. थोड्या वेळानं अरफाचा आवाज आला. हिमांशूच्या नावानं ती जीव तोडून ओरडत होती. तो मला तिथंच टाकून धावला. अरे, मला घे! मी दगडापाशी तशीच पडून राहिले.

गुराख्यांनी वैदेहीला झोळीत घालून खाली नेलं. कन्नडला पोचायच्या आधी जीपमध्येच तिचा श्वास थांबला. संध्याकाळी एका गुराख्यानं मला हिमांशूच्या हाती दिलं.

त्याच्या घरी दोन दिवस त्यानं मला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी उघडलं, कपडे बाहेर काढले आणि त्याचा हात आतल्या कप्प्यात गेला. पंप हातात घेऊन तो फरशीवर बसला तो बराच वेळ उठलाच नाही.

त्याच संध्याकाळी अरफा आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. "तिला बोलता येत नव्हतं रे," ती म्हणाली. "सारखी पाठीवर हात मारत होती. मला वाटलं, पाठ चोळ म्हणते. मी चोळत बसले." मग तिनं विचारलं, "पंप सॅकमधे होता का?"

हिमांशू म्हणाला, "नव्हता."

मला त्याचा भयंकर राग आला. पण पोरगं जेवत नव्हतं, झोपत नव्हतं, तेही मीच बघत होते. राग तरी किती दिवस धरणार?

गेल्या आठवड्यात निशाताईंचा निरोप आला की वैदेहीची सॅक आणून दे. निघण्यापूर्वी त्यानं माझ्यात परत ठेवलेला पंप काढला आणि पँटच्या खिशात घातला.

निशाताईंनी मला मांडीवर घेतलं. सगळे कप्पे उघडून बघितले. आतल्या कप्प्यात त्यांची बोटं किती तरी वेळ फिरत होती. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे विसरलीच ती. एकच दिवस मी विचारलं नाही बघ."

हिमांशू समोर उभा होता, हात खिशात. "काकू," म्हणाला. थांबला. "येतो," म्हणाला आणि गेला.

आता मी निशाताईंच्या दारामागं खुंटीला आहे. येईल त्याला त्या तेच सांगतात, की मी विचारलं असतं तर माझी पोर वाचली असती. मी ऐकत असते. तुमच्यापैकी कुणाला हिमांशू भेटला तर त्याला शिव्या देऊ नका. त्यानं तिचं ओझंच घेतलं होतं. फक्त एवढं सांगा, की त्या माउलीकडं एकदा जा आणि तिच्या पोरीनं पंप घेतला होता म्हणून सांग.