धुतलेल्या कपड्यांची धुलाई

मी एक जुनी वॉशिंग मशीन आहे, मित्रांनो, आणि माझ्या आयुष्याची दहा वर्षं समुद्रावर गेली. तरी समुद्र मी कधी पाहिला नाही. माझी खोली बोटीच्या पोटात होती, तिला खिडकी नव्हती. बोट डुलली की माझ्यातलं पाणी एका बाजूला कलायचं, तेवढीच काय ती आमची ओळख.

कारखान्यातून निघताना माझ्या पायांना जाड रबर लावलं आणि बोटीवर चार बोल्टांनी मला जमिनीला आवळून टाकलं. ही बोट सहलीची नव्हती. तिच्यावर लोक राहायला येत. घर विकायचं, त्या पैशांतून दहा वर्षांसाठी केबिन घ्यायची, दर महिन्याला जेवणाचे, डागडुजीचे, इंधनाचे पैसे भरायचे आणि बंदरामागून बंदर पाहत म्हातारं व्हायचं, असा तो मामला होता. बोटीची मोठी लॉन्ड्री होती, पण ती प्रत्येक कपड्यामागे पैसे घ्यायची, तेही अव्वाच्या सव्वा. म्हणून काटकसरी रहिवाशांसाठी आम्ही तिघी मशिनी होतो.

त्या काटकसऱ्यांतलेच मोजणीसाहेब. आयुष्यभर जमिनी मोजायची नोकरी केली, म्हणून हे नाव पडलेलं. त्यांच्या पत्नी शाळेत शिकवायच्या. त्यांना सगळे बाईच म्हणत. बोटीवर पाऊल ठेवताच बाईंनी जाहीर करून टाकलं होतं की घराबरोबर आपण धुणंही विकलं. तेव्हापासून कपड्यांची पिशवी साहेबांच्या खांद्यावर आली. पहिल्याच खेपेला त्यांनी बाईंचा लाल स्वेटर आणि आपले पांढरे सदरे एकत्र घातले. पुढे कित्येक दिवस ते गुलाबी सदऱ्यांत जेवायला जात, आणि कोणी हसलं तर गंभीरपणे सांगत की रंग मुद्दाम निवडलाय. पण शिकले. साबण मापून घालू लागले. धागे अडवणारी माझी जाळी दर खेपेला साफ करणारा तो बोटीवरचा एकमेव माणूस.

बोटीवर येण्याआधी साहेबांनी चार महिने बसून हिशेब केला होता. भाडं, वीज, भाजी, डॉक्टर. जमिनीवर किती लागेल आणि पाण्यावर किती. त्यांच्या मते केबिनची मुदत वाढवली तरी पैसे एकोणीस वर्षं पुरणार होते. तिसऱ्या वर्षी इंधन महागलं आणि महिन्याची रक्कम वाढली. पाचव्या वर्षी बोट दुरुस्तीला काढली, तो खर्चही रहिवाशांमध्ये वाटला गेला. एकोणीसची चौदा झाली, मग बारा. बारा म्हणजे काही थोडी नाहीत, असं साहेब म्हणत. बाईंनी बंदरात उतरून कॉफी पिणं सोडलं, साहेब स्वतःचे केस स्वतःच कापू लागले. ते केस कसे दिसत हे न सांगितलेलं बरं. ओढाताण होती, पण दोघं मजेत होती. कपडे धुऊन होईपर्यंत बाकावर बसून त्यांच्या गप्पा चालत.

सहाव्या वर्षी ताई पडल्या. ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा धाकटीच्या वेण्या घालून तिला शाळेत पाठवणाऱ्या त्याच. आमच्या खोलीत भिंतीला बोटीचा फोन होता. त्यावर ताईंच्या शेजारणीने कळवलं की मांडीचं हाड मोडलंय, शस्त्रक्रिया करावी लागेल. पुढचं बंदर नऊ दिवसांवर होतं. साहेबांच्या हिशेबात सगळं होतं, हे नऊ दिवस नव्हते.

ते नऊ दिवस बाई माझ्यासमोरच्या बाकावर फोनकडे बघत बसून राहिल्या. शस्त्रक्रिया त्यांच्यावाचूनच झाली. दहाव्या दिवशी त्या एकट्या उतरल्या. दोघांचं विमानाचं भाडं परवडणारं नव्हतं, आणि केबिनमध्ये कोणी असो वा नसो, महिन्याची रक्कम चुकत नव्हती. दीड महिन्यात येते, असं सांगून गेल्या.

दीडाचे पाच महिने झाले. साहेबांची पिशवी हलकी होत गेली. दोन सदरे, पायजमा, टॉवेल. भिंतीवर पाटी होती की अर्धी मशीन चालवू नये, पाणी वाया जातं. एका सकाळी ते पिशवी गच्च भरून आले. बाईंचे गाऊन, मोजे, तो लाल स्वेटर. कपडे पोटात जाताच मला कळलं, एकालाही डाग नाही, घामाचा वास नाही. कपाटातल्या घड्या तशाच उचलून आणल्या होत्या.

बोटीवरचा फिटर शेजारच्या मशीनचा पट्टा बदलत बसला होता. फटकळ माणूस.

"साहेब, हे तर धुतलेलेच आहेत."

"हो."

"मग कशाला?"

"मशीन भरायला नको का?"

 फिटर एकच बोल्ट बराच वेळ आवळत राहिला.

त्यानंतर आठवड्याभराने बाईंचा फोन आला. मला फक्त साहेबांचं बोलणं ऐकू येत होतं. ताई भिंत धरून दारापर्यंत जाऊ लागल्या होत्या, पण एकट्या राहू शकणार नव्हत्या. कामाला कोणी ठेवून मी परत येते, असं बाई म्हणत असाव्यात.

"तू येऊ नकोस," साहेब म्हणाले. मग घाईने, "अगं, रागावून नाही म्हणत. मीच येतो तिकडे."

दहा वर्षं पुरी होण्याआधी केबिन सोडली तर भरलेल्यातले अर्धे पैसे बुडणार होते. बाईंनी तेच विचारलं असणार.

"माहीत आहे. मीच मोजलेत ते. ये म्हण, म्हणजे झालं."

पलीकडून उत्तर आलं असावं, कारण त्यांनी फोन ठेवला आणि माझ्या झाकणावर हात टेकून थोडा वेळ उभे राहिले. उतरण्याच्या दिवशी त्यांनी दातांच्या एका निवृत्त डॉक्टरांना जाळी कशी काढायची ते तीनदा करून दाखवलं.

डॉक्टर चौथ्या दिवशी विसरले. माझ्यात धागे साचले, पाणी तुंबू लागलं, मी थडथड उडू लागले. तरी लोकांनी चार वर्षं तशीच राबवली, मग नव्या मशिनी आल्या आणि मला बंदरावर भंगारात काढलं. त्याच सुमारास फिटरने बोट सोडली होती. त्याने मला वजनाच्या भावात विकत घेतलं, दोन दिवस खपून साफ केलं, आणि आता मी त्याच्या घरी आहे.

साहेब उतरल्यापासून बाईंची पत्रं त्याला येतात. तो ती बायकोला मोठ्याने वाचून दाखवतो. तिघं ताईंच्या दोन खोल्यांत राहतात. महिनाअखेर जड जाते. चहात साखर किती, यावरून ताई आणि साहेबांचं रोज वाजतं. साहेब समुद्राचं नाव काढत नाहीत, पण रविवारी तळ्याकाठी जाऊन बसतात. हल्ली बाईही जातात, ताईंची चाकांची खुर्ची ढकलत.

मित्रांनो, मोठे झालात की घर कुठेही करा. त्याला किती पैसे पडतील ते जरूर मोजा. पण आपलं माणूस पडलं तर तिथे पोचायला किती दिवस लागतील, तेही त्याच कागदावर लिहा. आणि घरी माझ्यासारखी एखादी मशीन असेल, तर तिची जाळी साफ करा, काम झालं की झाकण थोडं उघडं ठेवा, आतला ओलावा सुकू द्या. एवढं केलंत तरी आम्ही पुष्कळ वर्षं सोबत करतो.