मेलेल्या प्रोग्रामची फाइल

"रीस्टार्ट नको," ती फोनवर कंपनीच्या इंजिनिअरला म्हणाली आणि स्वतःच्याच आवाजाने दचकली.

रुग्णालयाच्या रक्तपेढीत ती अकरा वर्षं संगणक सांभाळत होती. सगळे तिला कॉम्प्युटरवाल्या ताई म्हणत. आज दुपारी पिशव्यांची नोंद ठेवणारा प्रोग्राम अडकला, म्हणून तिने तो बंद पाडला. तो काही केल्या पुन्हा उघडेना. 'प्रोग्राम आधीच चालू आहे' एवढंच पडद्यावर येई. ऑपरेशन थिएटरमधली नर्स दारात ताटकळत होती. आत एका बाळंतिणीला रक्त हवं होतं आणि तिच्यासाठी जुळवलेली पिशवी कुठल्या फ्रिजच्या कुठल्या खणात आहे, हे त्या प्रोग्रामलाच ठाऊक. इंजिनिअर नेहमीचंच सांगत होता, सगळी यंत्रणा बंद करून चालू करा. त्यात चाळीस मिनिटं जात.

दोन महिने ती लेकीचं कॉलेजचं संगणकाचं पुस्तक वाचत होती. या वयात कशाला डोक्याला ताप, म्हणून लेक हसायची. त्यातलं एक प्रकरण मात्र तिच्या मनात घर करून बसलं होतं. प्रोग्राम मेला की ऑपरेटिंग सिस्टीम त्याची मेमरी काढून घेते, उघड्या फाइली बंद करते, जोडण्या तोडते. पण त्याने डिस्कवर लिहिलेली फाइल तशीच राहते. ती पुढे कुणाला लागेल, सिस्टीमला काय कळणार?

मग 'मी चालू आहे' अशी खूण यानेही कुठे लिहून ठेवली असेल आणि ती मागे राहिली असेल तर?

तिची बोटं भराभर चालू लागली. तिसऱ्या फोल्डरमध्ये ती सापडली. इवलीशी फाइल, आत एकच क्रमांक, प्रत्येक चालू प्रोग्रामला सिस्टीम देते तसा. त्या क्रमांकाचं काही चालू आहे का, तिने चालू प्रोग्रामांची यादी दोनदा पाहिली. नव्हतं. चुकीची फाइल उडाली तर नोकरीही उडाली असती. तिने ती फाइल पुसली.

प्रोग्राम उघडला.

"दुसरा फ्रिज, चौथा खण," ती म्हणाली. पिशवीवरचा क्रमांक पडद्याशी ताडून नर्स धावत सुटली.

अर्ध्या तासाने थिएटरमधून निरोप आला, बाळ-बाळंतीण दोघं सुखरूप आहेत. फोन पुन्हा वाजला. इंजिनिअर होता. काय केलंत, असं त्याने विचारलं, तिने सांगायला सुरुवात केली.

"जरा हळू सांगा ताई," तो म्हणाला, "लिहून घेतो."

तिने खुर्ची ओढली आणि नीट टेकून बसली.